कोजिमाचं पाणी

गोजरबाई अमडापूरची लेक. गोड्या विहिरीच्या गावातून लग्न होऊन वरवट बकालजवळ, आमच्या खारपाण पट्ट्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात खाऱ्या पाण्यात तिची डाळ शिजेना. इकडे विहीर काय, बोअर काय, सगळं खारट. उभा जन्म तिनं लांबच्या झऱ्यावरून घागरीनं गोडं पाणी आणलं. म्हणून एकुलत्या लेकीला, वंदनेला, स्थळ आलं की नोकरी, शेती राहिली बाजूला, ती विचारायची, "पाणी कसं हाय?" खारं म्हटलं की चहा पाजून पाहुणे परत.

गुलाबी अळीनं बीटी कपाशीचीही बोंडं पोखरली, त्या वर्षी दीपकचं स्थळ आलं. पोरगा चिखलीचा, पण जपानात कोजिमाला जीन्स शिवायच्या कारखान्यात. वंदनेच्या मनात भरला होता. अडलं ते गोजरबाईचं.

दीपक फोनवर दिसताच तिनं विचारलं, "गाव कसं हाय, बाबू?"

"आधी बेट होतं, मावशी. मग समुद्र हटवून जमीन केली."

"मंग आता बेट नाही?"

"नाही. पुढं शहर झालं. ते शेजारच्या मोठ्या शहरात घातलं. आता नाव फक्त स्टेशनला उरलंय."

"म्हंजे गावबी नाही." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शालिग्रामभाऊ नुसते हसले.

"नवी जमीन खारी, दुसरं काही येईना, म्हणून लोकांनी कापूस लावला. त्यातूनच हे शिवणकाम आलं."

"मंग तिथं अळी नाही पडत?"

"आता कापूसच नाही, मावशी."

गोजरबाईनं कपाळ चोळलं. "पाणी?"

"गोड."

"समुद्राकाठी गोड? कोणाले सांगून राह्यला? तूरडाळ हाय का घरात? नळाच्या पाण्यात टाक. कुकर नको, उघड्या गंजात. मी बसते इथंच."

"अवं, जावई पाहून राह्यली का सैपाकी?" भाऊ म्हणाले.

वंदना दाराआड नखं खात उभी. शेवटी दीपकनं फोनसमोर दाणा चिमटीत दाबला. लोण्यासारखा दबला.

"आपल्यापासून समुद्र कुठल्या कुठं, अन् आपली शिजत नाही," गोजरबाई म्हणाली. "याच्या दारात समुद्र, अन् याची शिजली. काऊन?"

दीपकनं तो दाणा तोंडात टाकला.

"हो म्हणा त्याईले," ती नवऱ्याला म्हणाली, पण कपाळाची आठी तशीच.

लग्न होऊन वंदना जपानला निघाली तेव्हा गोजरबाई तिच्या बॅगेत आपली घागर बसवून पाहत होती. मावेना. मग तिनं घागरीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ कपड्यांच्या मधोमध खोचली.

"अवं, नळ हाय तिथं," भाऊ म्हणाले.

"बेटबी होतं म्हणे तिथं, राह्यलं का? घागर कुठंबी भेटन. चुंबळ कुठं भेटन?"