देवीदासचं न वाचलेलं पान

रंगमंचावर मला जेवढ्या टाळ्या मिळाल्या, त्यांतल्या निम्म्या देवीदासच्या होत्या. तो आमच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. दिवसा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर, संध्याकाळी डाव्या विंगेतल्या स्टुलावर. माझी जीभ अडखळायच्या आधीच त्याचा आवाज कानात यायचा, आणि पहिल्या रांगेलाही त्याचा पत्ता लागायचा नाही.

दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटण्यात पंचवीस वर्षं घालवल्यावर त्यानं स्वतःचं पुस्तक लिहिलं. नाव 'शिफ्टबाहेरचे'. तरुणपणी त्यानं आणि त्याच्या तीन दोस्तांनी केस वाढवले, ओव्हरटाइम नाकारला, गांजा ओढला, हुंड्याच्या लग्नात जेवायचं नाही आणि देवापासून पुढाऱ्यापर्यंत कुणापुढे वाकायचं नाही, असं ठरवलं. ते सगळं त्यानं लिहिलं, शिव्यांसकट, घरी बोलतो त्या भाषेत.

नागपूरच्या प्रकाशकानं कळवलं, भाषा सभ्य करा. पुण्याच्या प्रकाशकानं विचारलं, छत्तीसगडात मराठी वाचतं कोण? तिसऱ्यानं दोन वर्षं ठेवून हस्तलिखित परत पाठवलं. पहिल्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं होतं. ते दाखवत देवीदास म्हणाला, "कोनाच्या तरी टेबलावर होतं म्हनजे, ताई."

शेवटी २००४ साली पावर हाउस भागातल्या एका प्रेसनं, जिथं एरवी हिंदी लग्नपत्रिका निघायच्या, तीनशे प्रती छापल्या. देवीदासला आणखी काही नको होतं. आपल्या माणसांनी एकदा बसून ते शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच. वाचणार मी, आणि तो नेहमीसारखा विंगेत.

कुणाला त्रास नको म्हणून छापण्याआधी त्यानं सगळी नावं खोडली आणि त्या जागी त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरचे नंबर घातले. मी सुपेल्याची, टाउनशिपच्या बाहेरची. मला ते नुसते आकडे वाटले. तरी मी विचारलं होतं. "नंबराले कोन ओयखते ताई, हजारो क्वार्टर आहेत," तो म्हणाला. सारा जन्म टाउनशिपमध्ये काढलेला माणूस हे कसं विसरला, मला आजही कळत नाही. तिथं दूधवाला, पोस्टमन, सोयरीक घेऊन येणारा, सगळे माणसाला नंबरानंच ओळखतात. नाव एक वेळ चुकेल, नंबर नाही.

वाचनाच्या दिवशी हॉल भरला होता. एका बाजूला बुद्धविहारातली मंडळी, दुसऱ्या बाजूला आमची गणेशोत्सवातली. पहिली वीस-पंचवीस पानं लोक खळखळून हसले. मग मी वाचलं, सेक्टर सहा, सडक बारा, सात ब. त्या घरातली बाई तापानं फणफणलेल्या लेकासाठी पिठाच्या डब्यात देवीची तसबीर लपवते, आणि तिचा नवरा विहारात देव सोडल्याची भाषणं करतो.

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. सात ब म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष श्यामराव. शेजारी त्यांच्या पत्नी मैनाबाई. त्या देवीदासला भाऊ मानत, दर रविवारी मासळीचा डबा पाठवत. डब्यातल्या तसबिरीची गोष्ट त्यांनी फक्त त्यालाच सांगितली होती. आता त्या मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या.

श्यामराव उठले. आवाज न चढवता म्हणाले, "बस झालं, ताई. आमचं घर आहे ते."

विंगेतून पुढचं वाक्य आलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. मी पुस्तक मिटलं. रंगमंचावरच्या चाळीस वर्षांत प्रॉम्प्ट ऐकूनही गप्प राहिले, ती तेवढीच वेळ.

त्यानंतर विहाराचं आणि आमच्या मंडळाचं पहिल्यांदा एकमत झालं, हे पुस्तक घाण आहे. पुरतं वाचलं कुणीच नव्हतं; मिटलेलं पान मीही पुन्हा उघडलं नव्हतं. वाटलेल्या प्रती त्याच्या दारात येऊन पडू लागल्या. रविवारचे डबे बंद झाले. सडक बारा टाळून तो सायकलनं लांबच्या रस्त्यानं बाजारात जायचा. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. विंगेत मात्र पुन्हा बसला नाही.

मागच्या वर्षी देवीदास गेला. गेलेल्यासाठी विहारातले लोक करतात त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या बायकोनं, रुक्मानं, दिवाणाखालून एक प्रत काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "राहिलेलं वाचा." त्या दिवशी मिटलं होतं तिथून पुढचं मी वाचलं. 'आम्ही चौघांनी केस वाढवले अन् सोताले मोकये समजलो. मोकयी ती होती. लेकरापायी ती ना नवऱ्याले भ्याली, ना समाजाले, ना आमच्यासारख्या शहाण्याइले. खरी शिफ्टबाहेरची ती एकटीच.'

मागे भिंतीला टेकून मैनाबाई बसल्या होत्या. श्यामराव केव्हाच वारले होते. मैनाबाईंनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"भावानं हे लिवलं होतं?" त्या म्हणाल्या. मग पुस्तक माझ्या हातातून घेत, "त्या दिवशी कावून नाही वाचलं, ताई?"

पुढच्या वाक्यासाठी सवयीनं मी डावीकडे पाहिलं.