डोक्याचा फोटो

आमच्या यांना पहिली चक्कर आली ती सकाळी, अंथरुणात कूस बदलताना. खाटेची कड गच्च धरून ओरडले, "माले धर!" सगळी खोली गरगर फिरतेय म्हणाले. मी धरलं, पण खोली काही थांबली नाही.

हे सुरतेजवळ उधन्याला, कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात कामाला. एका माणसाकडे दहा मशिनी. दोन रांगांमधून दिवसभर चालायचं, वाकून तुटलेला तार, म्हणजे धागा, जोडायचा, की लगेच मान वळवून मागच्या मशिनीकडे बघायचं. मान वळवली की ज्याला भोवळ येते, त्याने हे करायचं कसं? आणि काम सुटलं तर शेठच्या दारात दुसरे उभेच असतात.

डॉक्टरांनी यांना आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवलं आणि बुबुळं कशी नाचतात ते मला दाखवलं. म्हणाले, "कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, बिघाड तिथला आहे." माझा कसला विश्वास बसतोय! कानाने कधी माणूस पडतो? मी हट्टच धरला, डोक्याचा फोटो काढा. त्यांनी समजावलं, "मेंदूत गाठबीठ असेल तर स्कॅनमध्ये कळेल. कानातलं हे त्यात दिसत नाही." मी अर्धंच ऐकलं. माझं तोंड थांबेना, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

स्कॅनवाल्याने बजावलं, मशीन फार खडखडतं, घाबरू नका. हे त्या नळीत चक्क झोपले! लूमच्या आवाजात जन्म गेलेला, त्यांना काय त्याचं.

रिपोर्ट नॉर्मल आला. मी गल्लीत पेढे वाटले. आणि मग यांच्या मागेच लागले. चक्कर म्हणाले की मी सुरू, "डोकं साफ आहे, मशीन खोटं बोलतं का? सोंगं पुरे, उठा." डॉक्टरांनी दिलेल्या व्यायामाने आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. परत दाखवू या म्हणाले, तर म्हटलं, दाखवायचं काय, काही निघालंच नाही. हळूहळू त्यांनी चक्करचं नाव काढणंच सोडलं. मला वाटलं, बरे झाले. किती मूर्ख मी!

परवा हे डबा घरी विसरले म्हणून मी दुपारी कारखान्यात गेले. रांगेच्या टोकाला हे लोखंडी खांब कवटाळून उभे. डोळे मिटलेले, शर्ट घामाने भिजलेला. शेजारच्या चार मशिनी तार तुटून बंद पडलेल्या. मी दंडाला हात लावला. डोळे उघडून मला बघितलं आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "शेठले सांगू नको."

मला, स्वतःच्या बायकोला! मी काय शेठची माणूस? पण इतके महिने मी शेठचंच काम तर केलं होतं. ओरडून म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

त्यांनी मान हलवली नाही. हलवता येत नव्हती.

"तू जा घरी," म्हणाले, आणि खांबावरचा एक हात सोडवून बंद मशिनीकडे चाचपत निघाले.