मोहाच्या पोळीची चिठ्ठी

आमच्या बचत गटाला मूल गावच्या प्रदर्शनात दुकान हवं होतं. अट एकच, दुसरं कोणी करत नाही असा पदार्थ पाहिजे. बैठकीत बारा जणी एकदम बोलतात आणि अध्यक्षबाईंचा आवाज तळ्यापलीकडे जातो. त्या गलक्यात मला काही सुचत नाही. मला सुचतं ते तळ्यावर एकटी भांडी घासताना. बोलायला मी लाजते, पण चौथी शिकले आहे, लिहायला लाजत नाही. मी चिठ्ठी लिहिली, ‘मोहफुलाच्या पुरणाची पोळी, गूळ नको’, आणि गुपचूप सतरंजीवर टाकली.

सचिवबाईंनी ती मोठ्यानं वाचली. "कोणाची होय वो ही?"

अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "माहीच. पोरीकडून लिहून घेतली."

मला राग आला, मग हसू आलं. फुलाच्या पोटातलं केसर काढलं नाही तर पुरण कडू होतं, हे मी लिहिलंच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोळी चाखायला तालुक्याच्या मॅडम येणार होत्या. अध्यक्षबाईंनी फुलं तशीच शिजायला टाकली. मी समोर बसून कणीक मळत होते. पाहिलं, आणि गप्प राहिले. पाप माझंच.

पहिली पोळी गटातल्या म्हातारीनं तोंडात घातली आणि थुंकली. "काऊन वो बाई, कडुनिंब घातला का?"

अध्यक्षबाईंचा आवाज पहिल्यांदाच बसला. त्या नुसत्या दाराकडे पाहत राहिल्या. आता दुकान जाणार, हे सगळ्यांना कळलं. मग मला राहवेना. उरलेल्या फुलांचं सूप मांडीवर घेतलं आणि केसर काढायला लागले.

"काय करून राह्यली तू?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"यानंच कडू होते. चिठ्ठीच्या मांगं लिहिलं होतं." मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मले माहीत होतं. तुमची परीक्षा घेऊन राह्यली होती!" म्हातारी पदरात तोंड घालून हसली. सगळ्या जणी फुलं घेऊन बसल्या.

मॅडमनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि वहीत आमच्या गटाचं नाव लिहिलं. "कोणाला सुचलं हे?"

अध्यक्षबाईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि मला कोपरानं ढोसलं. "हिले विचारा. बोलणार नाई, पण लिहून देईन."

मॅडमनी वही पुढे केली, म्हणाल्या, "कृती लिहा, बाकीच्या गटांनाही दाखवू."

मी सुवाच्य अक्षरात सगळी कृती लिहिली. केसराचं तेवढं राहून गेलं.