दम आधी, पाय मागून

त्या घोडीचा पाय मी घालवला, आणि दोष लेकीने स्वतःकडे घेतला तेव्हा गप्प बसलो.

आंध्र प्रदेशाचे दोन भाग होत होते ती वर्षं. मी सरकारी नोकर. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याच्या याद्या आज निघतील, उद्या निघतील म्हणत आमचं ऑफिस दिवसभर व्हरांड्यात उभं असायचं. आजोबांच्या वेळी हैदराबाद राज्य तुटलं तेव्हा आमचं गाव महाराष्ट्रात गेलं, आम्ही हैदराबादेत राहिलो. आता इथूनही उचलतील ही धास्ती बसली होती. चिक्कडपल्लीच्या घरात मी जेवता जेवता उठायचो, गॅलरीत जायचो, परत यायचो. बायको म्हणायची, "घोडीकडूनही एक अर्ज भरून घ्या. आंध्र पाहिजे का तेलंगण, तिलाही विचारा."

शंकरपल्लीच्या वाटेवर वडिलांनी घेतलेल्या जमिनीत आमच्या दोन घोड्या होत्या. एक थोरली, मारवाडी जातीची, दुसरी तिची तिथेच जन्मलेली पोर. चाळीस चाळीस किलोमीटर माळरान तुडवणाऱ्या शर्यतींसाठी घोडी घरी वाढवायची, हे माझं आणि लेकीचं वेड. या शर्यतीत नुसतं पळून भागत नाही. थांबल्यावर घोड्याच्या छातीचे ठोके ठरल्या वेळात खाली आले नाहीत तर डॉक्टर बाद करतात. लेकीने त्या पोरीला दोरी धरून खडकांतून, बांधांवरून चालवत वाढवलं होतं. पाच वर्षांची होईपर्यंत जड काम द्यायचं नाही, हा तिचा नियम. घोडी तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

बदली झाली तर यांना कोण बघणार, या विचाराने मी धाकटी विकायचं ठरवलं. एकदा लेकीजवळ विषय काढला तर ती म्हणाली, "इतकी घाई कायकू, पप्पा? अजून यादी तरी कुठे आली?" मी हो म्हणालो आणि तिला न सांगता गिऱ्हाईक शोधलं. शहराबाहेर रिसॉर्ट चालवणारा माणूस होता. पाहुण्यांना रानातून फिरवायला त्याला तयार घोडी हवी होती. मी मोबाइलवर फोटो दाखवायला लागलो.

"फोटू नक्को साब," तो म्हणाला, "चलाके दिखाओ."

नारायणगुड्याच्या कॉलेजात लेकीची परीक्षा चालू होती. त्या सकाळी मी घोडीवर खोगीर घातलं आणि तीस किलोमीटर काढले, त्यातले निम्मे डांबरी रस्त्यावर. गिऱ्हाईक जीपमधून मागे. दर थांब्याला मी घोडीच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावायचो. ठोके झरझर उतरायचे. मला वाटलं, तयार आहे घोडी. घोड्याचा दम काही महिन्यांत तयार होतो, हाडं आणि पायाच्या शिरा, म्हणजे कंडरा, पक्क्या व्हायला वर्षं लागतात, हे मला पाठ होतं. लेकीला ते मीच शिकवलं होतं. तरी त्या दिवशी मी कानाला ऐकू आलं तेवढंच खरं धरलं.

दुसऱ्या सकाळी घोडी पुढचा डावा पाय टेकवेना. नळीच्या हाडामागची शीर सुजली होती, हात लावला तर गरम. डॉक्टर म्हणाले, शीर फाटली आहे, आता हळूहळू चालेल, लांबची धाव विसरा. गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाही.

संध्याकाळी लेक आली. पाय बघून खाली बसली. मी म्हणालो, थोरलीने लाथ मारली असावी. तिने सुजलेल्या नळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "दोघींच्या मधला आडवा बांबू मीच लावला नसेल. पेपरच्या टेन्शनमध्ये होते." बांबू तिने लावलेला होता. आदल्या सकाळी घोडी बाहेर नेताना मी स्वतः काढला होता. मी पाण्याची बादली उचलली आणि तिथून निघालो.

तिने दोघींना दूर दूर बांधलं. थोरली कुंपणापाशी येऊन ओरडत राहायची. यादी आली, मी हैदराबादेतच राहिलो, तरी जीव थाऱ्यावर येईना. लेक येऊन पायाला पट्टी बांधायची, पण खोगिराला तिने हात लावला नाही. मीही तिच्यासमोर उभा राहायचं टाळू लागलो.

पुढच्या वर्षी थोरलीला पिल्लासाठी पुन्हा घोडा दाखवायची वेळ आली. आबिड्सहून स्कूटरवर परत येताना मी विषय काढला. मागून ती म्हणाली, "नको पप्पा. माझ्या हातून एकीचा पाय गेला. दुसरं पिल्लू मी नाही वाढवणार."

मी स्कूटर कडेला घेतली आणि बंद केली. मागे वळून बघायचं धाडस नव्हतं, म्हणून हँडल धरूनच बोललो.

"बांबू तू लावला होतास. थोरलीने लाथ मारली नाही. तुझी परीक्षा होती त्या दिवशी मी धाकटीला विकायला म्हणून तीस किलोमीटर पळवलं. पाय माझ्यामुळे गेला, आणि वर्षभर तुला दोष घेऊ दिला तोही मीच. मला माफ कर, बेटा."