सोफा झाला, दार गेलं

आमच्या हॉलमधला सोफा मी स्वतःच्या हातांनी बनवला आहे, आणि ही गोष्ट मी आता कुणालाही सांगत नाही. कुणी विचारलंच, तर ‘असाच मिळाला’ म्हणते आणि चहा टाकायला आत जाते.

कर्जतला फ्लॅट घेतला, तेव्हा बँकेचा हप्ता गेल्यावर आमच्याकडे फ्लॅटच तेवढा उरायचा. हॉल चांगला ऐसपैस. त्यात प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, आणि टीव्ही ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवलेला टीव्ही. बाकी सगळा आवाज. म्हणजे काहीही बोललं की ते भिंतीवर आपटून परत यायचं. मी नवऱ्याला रागावून काही बोलले की तेच मला उलट ऐकावं लागायचं, आणि त्याचा मला आणखी राग यायचा.

(मी मुळात रागीट नाही. आजूबाजूची माणसं मला तसं करतात.)

त्या माणसांत पहिला नंबर नवऱ्याचा. महेश साजगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि स्वभावाने इतका थंड आहे, की पडद्याला आग लागली तरी आधी ‘बघू’ म्हणेल. अर्थात आमच्याकडे पडदेही नव्हते. ‘पडदे घेऊ या का’ असं मी विचारलं होतं. ‘बघू’ म्हणाला होता.

दुसरा नंबर आक्कांचा. आक्का म्हणजे महेशची थोरली बहीण, लोधिवलीला दिलेली. घर बघायला म्हणून पहिल्यांदा आल्या, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, गोल फिरून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “जागा बरी हाय गं वैशाली. भात वाळत घालायला.”

तेवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण माझे सासरे आप्पा कळंबला शेती करतात, त्यांनी ते मनावर घेतलं. हितं ऊन येत नाय, भात सादळंल, त्यापेक्षा गच्ची बरी, असं त्यांनी आक्कांना समजावून सांगितलं. महेशने मान डोलावली. मी हसून सगळ्यांना चहा दिला आणि नंतर कप असे काही विसळले, की एकाचा कान माझ्या हातात आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्कांचा फोन आला. त्यांच्या पूजाचं लग्न चौकच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाच्या आईवडलांना पूजाच्या मामाचं घर बघायचं होतं, तर रविवारी संध्याकाळी आमी त्यांना घेऊन येतो, असं त्या म्हणाल्या. मी या म्हटलं. फोन ठेवता ठेवता आक्का मायेने म्हणाल्या, “आनि खुर्च्या शेजारून मागून ठेव गं. त्यांच्यासमोर कमी नको दिसाया.”

त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. शेजारून मागून! ठरवलं, या रविवारी आक्का आमच्या घरात सोफ्यावर बसतील. नुसत्या बसणार नाहीत, टेकून बसतील.

सोफा विकत घेणं शक्य नव्हतं. मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. कारखान्यात मशिनं येतात ती लाकडी पट्ट्यांच्या चौकटींवर ठेवून येतात, त्यांना पॅलेट म्हणतात. व्हिडिओतल्या बाईने दोन पॅलेट एकावर एक ठेवल्या, वर फोम टाकला, कापड ताणलं, आणि झाला सोफा. हे सगळं करताना ती सारखी हसत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

साजगावच्या भंगारवाल्याकडे अशा पॅलेटचा ढीग पडलेला असतो. महेश ‘बघू’ म्हणाला, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून शनिवारी टेंपो घेऊन गेला. येताना त्याच टेंपोतून आप्पाही आले, सुनेला मदत होईल म्हणून. लिफ्टमध्ये पॅलेट मावेनात. आम्ही दोघांनी त्या जिन्यावरून चढवल्या. आप्पांनी प्रत्येक फेरीला वरून ‘जपून रं’ म्हणायची मदत केली.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. घासणं, कापणं, ठोकणं. मला साधा सोफा नको होता, कोपऱ्यात वळणारा हवा होता, व्हिडिओतल्या बाईसारखा. लांब बाजू मोठ्या भिंतीला, आणि आखूड बाजू वळून दाराशेजारच्या भिंतीला. सकाळभरात लांब बाजू झाली. दुपारची जेवणं उरकून मी दुसऱ्या बाजूचे खिळे ठोकायला घेतले, तेव्हा बेल वाजली.

समोरच्या फ्लॅटमधले दामले काका होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, एरवी भले गृहस्थ. पण रविवारी दुपारी ते झोपतात, आणि ती झोप त्यांनी नोकरीतल्या रात्रपाळ्यांच्या बदल्यात मिळवलेली आहे असं ते मानतात. ते म्हणाले की सकाळपासून त्यांनी सहन केलं, पण आता त्यांचं डोकं फुटेल. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुणे यायचेत. ते म्हणाले, मग बसायचं सामान विकत का नाही आणत, लोक आणतात तसं.

यावर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. त्यात त्यांच्या घोरण्याचा उल्लेख होता (दोन बंद दारांपलीकडून येतं), त्यांच्या चपलांच्या स्टँडचा होता (आमच्या दारापर्यंत येतो), आणि त्यांच्या गॅलरीतून खाली टपकणाऱ्या तुळशीच्या पाण्याचाही होता, जे खरं तर आमच्याकडे टपकत नाही. मग मी दार आपटलं. असं आपटलं की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. आत वळून मी महेशला आणि आप्पांना सांगितलं, “आता पाहुणे येईपर्यंत हे दार कुणी उघडायचं नाही.”

दोघांनी माना हलवल्या. ते दार बंदच राहिलं.

महेशला मध्ये पेढे आणायला जायचं होतं, जाऊ दिलं नाही. मी संतापात काम करत होते, आणि संतापात माझे हात फार भराभर चालतात. आखूड बाजू उभी राहिली. ती सरकत होती, म्हणून महेशने ड्रिलने भिंतीत भोकं पाडून ती लांब स्क्रूंनी आवळून टाकली. वर फोम चिकटवला, त्यावर माझ्या एका जुन्या साडीचं कापड ताणून बसवलं. सगळं होत आलं तेव्हा आप्पा खुर्चीवरून म्हणाले, “वैशाली, मी काय म्हनतो—”

“आप्पा, आता काही म्हणू नका,” मी म्हटलं.

संध्याकाळी सोफा तयार झाला, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख झाला. मी हातपाय धुतले, पोहे केले, पापड तळले. त्याच वेळी लाइट गेली. कर्जतला लाइट जाणं ही काही बातमी नाही. मेणबत्त्या काढायचीही गरज नव्हती, खिडकीतून चांगला उजेड होता. जिन्यात पावलं वाजली, धापा ऐकू आल्या (लिफ्ट बंद), आणि दारावर थाप पडली. मी केस सारखे केले, हसू आणलं, कडी काढली आणि दार ओढलं.

दार चार बोटं उघडलं आणि सोफ्याला टेकलं.

मी आणखी ओढलं. सोफा भिंतीत रुतून बसला होता, तो कशाला हलतोय. आमचं दार आत उघडतं आणि उघडून डाव्या भिंतीला लागतं, हे मला वर्षभर माहीत होतं. फक्त त्या दुपारी ते बंद होतं, त्यामुळे ते कुठे उघडतं हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

फटीत आक्कांचा एक डोळा दिसला.

“वैशाली, दार उघड ना गं.”

“उघडलंय, आक्का.”

डोळा आत सगळीकडे फिरला. मग त्यांनी हळूच विचारलं, की काय झालंय, भांडान बिंडान झालंय का. त्यांच्या मागून विहीणबाईंचा आवाज आला, की अडचण असेल तर आम्ही परत कधी येऊ. मी म्हटलं, छे, अडचण कसली, या ना. आणि कुणीच आत येऊ शकत नव्हतं.

मी महेशकडे वळले. तो ‘बघू’ म्हणाला नाही, हे त्याचं नशीब. ड्रिल उलटं फिरवून स्क्रू काढायचे म्हणाला, पण ड्रिल विजेवर चालायचं. साध्या स्क्रूड्रायव्हरने काढू म्हणाला, तर स्क्रूंवर फोम, फोमवर कापड, आणि ते सगळं मीच चिकटवलेलं. तोवर पाहुण्यांना नुसतं कसं उभं करायचं, म्हणून मी पाण्याची बाटली फटीतून दिली. ती गेली. पोह्यांची बशी जाईना. आडवी करून पाहिली, तर पोहे सोफ्यावर सांडले. शेवटी एकेक पापड देत राहिले. पलीकडून विहीणबाई तो घेऊन प्रत्येक वेळी थँक्यू म्हणत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला तेव्हा आप्पांची आठवण झाली. हे दुपारी काहीतरी सांगत होते! दाराचंच असणार. मी जवळजवळ रडतच विचारलं, आप्पा, तुम्ही मघाशी काय सांगत होतात?

“चा टाक म्हनत व्हतो,” आप्पा म्हणाले.

एवढ्यात समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. दामले काका. मला वाटलं आता हा माणूस पाहुण्यांसमोर दुपारचं सगळं काढणार. ते तसं करते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारपूस केली आणि माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या एका डोळ्यादेखत, माझ्या पाहुण्यांना आपल्या घरात नेऊन बसवलं. त्यांच्याकडे सोफा आहे. विकतचा. पडदे आहेत. थोड्या वेळाने सरबताचे पेले वाजले. मग हसणं ऐकू आलं. मग दामले काकूंनी विहीणबाईंना विचारलेलं मी स्पष्ट ऐकलं, की अजून थोडे पोहे घेता का. काकूंनीही पोहेच केले होते!

त्यानंतर काय झालं ते माझ्याच्याने नीट सांगवत नाही. नारळ सोलायला आप्पांनी कळंबहून आणून ठेवलेला कोयता ओट्याखाली असतो. मी साडीचा पदर खोचला, कोयता काढला आणि सोफ्याच्या त्या आखूड बाजूवर घातला. महेश ‘अगं, अगं’ करत भिंतीला लागला. पहिल्या घावाला कापड फाटलं, मग फोमचे तुकडे उडाले, मग पट्ट्या फुटायला लागल्या. प्रत्येक घावाला मी एकेकाचं नाव घेत होते. भंगारवाला, व्हिडिओतली बाई, वीज मंडळ, दामले. नवऱ्याचं नाव दोनदा आलं. आक्कांचंही घेतलं, आणि ते मोठ्याने घेतलं.

शेवटची पट्टी तुटली आणि लाइट आली. दारातल्या अडथळ्याचा तुकडा बाजूला पडला आणि दार आपोआप, अगदी सावकाश, आत उघडलं. बाहेर आक्का, विहीणबाई, त्यांचे यजमान आणि दामले काका-काकू, आवाज ऐकून सरबताचे पेले हातात घेऊनच धावत आलेले, ओळीने उभे होते. आत मी. केसात फोम, कपाळावर घाम, हातात कोयता.

मला काहीतरी बोलणं भाग होतं.

“या ना,” मी म्हटलं. “बसा.”

सगळे पटकन बसले. उरलेल्या सोफ्यावर, दाटीवाटीने, अगदी टेकून. आक्काही बसल्या. सांडलेले पोहे कुणी झटकलेसुद्धा नाहीत. विहीणबाईंनी न विचारता दोनदा सांगितलं, की घर छान आहे. त्यांच्या यजमानांनी चहा गरम असतानाच संपवला. निघताना दोघांनी मला वाकून नमस्कार केला. मी त्यांच्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान असेन.

आता लग्न मोडतं, आणि ते माझ्या नावावर लागतं, या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी दामल्यांचे पेले परत करायला म्हणून गेले, तेव्हा त्यांच्याशी धड दोन शब्द बोलले. काका म्हणाले, जाऊ दे, झोप तशी झालीच होती. लग्न मोडलं नाही. उलट त्या लोकांनी मानपानाचं, आहेराचं एक अक्षर काढलं नाही. आक्कांनी विचारलं तेव्हा विहीणबाई घाईघाईने म्हणाल्या म्हणे, की आमचं काही नाही, मामींना जे योग्य वाटेल ते.

लग्नाच्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. आक्कांनी दारातच माझा हात धरला, सगळ्या बायकांमधून मला नेलं आणि मुलाकडच्या पंगतीच्या तोंडाशी आणून उभं केलं. मला भरून आलं. एवढा मान! वाढप माझ्या देखरेखीखाली होणार असं मला वाटलं. मी पदर खोचणार, तर आक्कांनी तो घाईने सोडवला.

“काय करू नको,” त्या कानाशी म्हणाल्या. “नुस्ती हितं उभी ऱ्हा.”

उभी राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून गोड हसत होते. त्या पंगतीत कुणी साधं मीठसुद्धा मागितलं नाही.