ताऱ्यांभोवतीचं दव

आमच्या ह्यांना गल्लीतली पोरं ‘तारेकाका’ म्हणतात. दिवसा शाळेची बस चालवायची आणि अंधार पडला की कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून गच्ची गाठायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हौस आहे, फिटेल. ती कसली फिटतेय! माझ्या कपाटाचा एक अख्खा कप्पा कॅमेऱ्याने गिळला आणि माझे कपडे पलंगाखालच्या पेटीत गेले.

तसा माणूस सरळ. मागे चाळीस पोरं बसलेली असली की गाडीत रेडिओसुद्धा लावत नाहीत. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र तारतम्य नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याचे ढीगभर फोटो काढायचे आणि ते संगणकावर एकावर एक रचायचे. मग म्हणे डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटतात. त्यातला एखादा जरी अस्पष्ट निघाला, तरी जेवणात लक्ष नसतं.

यंदाच्या थंडीत महिनाभर सगळेच अस्पष्ट निघत होते. “दव,” असं त्यांचं म्हणणं. भिंगावर दव धरतं, म्हणून ताऱ्याभोवती धूसर वलय येतं. आधी भिंगाला मोजा गुंडाळून झाला. मग मोज्यावर गरम पाण्याची पिशवी. शेवटी माझा लोकरीचा मफलर गेला.

“भिंगाला मफलर आणि बायकोला खोकला,” मी म्हटलं.

एरवी हसले असते. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि सगळे फोटो पुसून टाकले. काढायचे, बघायचे, पुसायचे, हेच चाललं होतं.

चिडचिडही वाढली होती. बस धुणाऱ्यावर तर रोज तोंडसुख. “पुढची काच धड पुसत नाही. संध्याकाळी परतताना समोरच्या गाड्यांचे दिवे नुसते फुलतात.” तो बिचारा म्हणे काच दोन-दोनदा पुसायचा. “जाऊ द्या हो, कामचुकार असेल,” म्हणून मी विषय मिटवत असे.

परवा दिवेलागणीनंतर गच्चीवरून हाक आली. “अगं, वर ये जरा. आज हवा कोरडी ठणठणीत आहे, तरी तेच! भिंगच गेलं बहुतेक.”

मला ताऱ्यांतलं ओ की ठो कळत नाही. तरी चष्मा पुसून गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी कृत्तिकांचा पुंजका मोठा करून ठेवला होता.

“दिसलं ना वलय?”

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. काळ्या पडद्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक, लख्ख ठिपके होते.

“कुठाय वलय?”

“अगं, हे काय! प्रत्येकाभोवती. पिंजलेला कापूस जसा.”

“अहो, काहीच नाहीये. स्वच्छ आहेत सगळे.”

“चष्मा बदल तुझा,” म्हणत ते हसले.

मला हसू आलं नाही. फुलणारे दिवे आठवले, दोन-दोनदा पुसलेली काच आठवली. मी मुलीला हाक मारून वर बोलावलं. तिने पडद्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, कसला मस्त आलाय! एकेक तारा मोजता येतोय.”

ह्यांनी एक डोळा हाताने झाकून कोपऱ्यावरच्या दिव्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. चेहरा उतरत गेला.

“उद्या बस काढायची नाही,” मी म्हटलं.

“दिवसा दिसतं मला व्यवस्थित.”

“निघता अंधारात, आणि परत येता तेही अंधारात.”

“आणि मालकाने माझ्या जागी दुसरा माणूस घेतला तर? तो मला परत ठेवेल?”

भीती मलाही तीच होती, आमचं घर त्या बसवरच चालतं. “मोतीबिंदू असेल, काढता येईल,” एवढंच मी पुटपुटले. नसलाच मोतीबिंदू तर, हे तोंडातून निघालं नाही. पण ती चाळीस पोरंही डोळ्यांपुढून हलेनात.

त्यांनी पुन्हा एकदा कोपऱ्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि मुलीच्या हातात दिला. “मालकांना लावून दे. मला नावं नीट दिसत नाहीत.” हे इतके दिवस लपवलं होतं तर! रागावू की रडू, मला समजेना.

“मालक, उद्यापासून गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या,” ते म्हणाले. “नाही, ताप वगैरे नाही. काच धूसर झालीय.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “गाडीची नाही हो. माझी.”

फोन ठेवून ते तिपाई मिटायला वाकले आणि मध्येच थांबले.

“तुला खरंच एकही वलय दिसत नाही?”

“नाही हो.”

“मग महिनाभर मी जे पुसले…”

भिंगावरचा मफलर सोडून त्यांनी माझ्या हातात दिला.

“चांगले आले होते म्हणजे सगळे,” ते म्हणाले.