आईचं फ्रेंच

आई पुण्यात तीस वर्षं फ्रेंच शिकवत होती. आमच्या जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळी पाच ते आठ. फ्रेंच घेतलं की मार्क मिळतात म्हणून मुलं यायची, दहावीचा निकाल लागला की पेढे आणून द्यायची आणि फ्रेंच विसरून जायची. आई तेवढी त्या भाषेपाशी राहिली. ती कधी फ्रान्सला गेली नाही. एकाही फ्रेंच माणसाशी ती कधी बोलली नव्हती. आणि तिच्या हाताखाली शिकावं लागू नये म्हणून मी शाळेत जर्मन घेतलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात ती महिनाभर माझ्याकडे सिंगापूरला, बिशानला आली. इथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, सगळं ईमेलवर येतं, याचं तिला वाईट वाटलं. "कोरा तो कोराच राहिला," म्हणाली.

माझी बॉस अमेरिकन आहे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी इथे सुट्टी नसते, म्हणून ती शनिवारी ऑफिसातल्या पाच-सहा जणांना नोव्हेना भागातल्या आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावते. प्रत्येकाने घरचा एक पदार्थ आणायचा. या वेळी आईलाही बोलावणं होतं. बॉसचा शेजारी फ्रेंच आहे, तोही येणार आहे, हे मी आईला सांगून बसले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. तिने चिरायला घेतलेली भेंडी बाजूला ठेवली.

"फ्रेंच म्हणजे तिथलाच? जन्माने?"

"असेल. मी विचारलं नाही."

"तू कुणाला काही विचारतेस का कधी?" मग थोड्या वेळाने, "आपण क्रेप नेऊ."

"आई, घरचा पदार्थ न्यायचाय. पुरणपोळी कर ना."

"पुरणपोळी मी वर्षातून एकदा करते, होळीला. क्रेप दर फेब्रुवारीत, प्रत्येक बॅचसाठी. आता सांग, घरचा कुठला?"

क्रेप म्हणजे मैद्याचं पातळ फ्रेंच धिरडं; पुण्याच्या घरी त्याचा तवा वेगळा होता, अंड्याचा म्हणून. इथे माझा एकच तवा. तिने तो दोनदा घासला. डाव्या मुठीत नाणं धरायचं आणि उजव्या हाताने क्रेप उडवून उलटायचा, म्हणजे वर्ष चांगलं जातं, अशी तिकडे फेब्रुवारीतल्या एका सणाची पद्धत आहे. पुस्तकातला तो धडा तिने किती मुलांना शिकवला असेल. माझ्या स्वयंपाकघरात तिने मुठीत सिंगापूरचा डॉलर धरला. पहिला क्रेप ओट्यावर पडला. बाकीचे नीट झाले.

नोव्हेना बिशानपासून तीनच स्टेशनं. एमआरटीत डबा मांडीवर घेऊन ती बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी खिडकीकडे पाहत राहिले. तिचं हसं झालं तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो शेजारी उंच, थकलेल्या चेहऱ्याचा. आई त्याला फ्रेंचमध्ये काही म्हणाली. तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, पुणे म्हणजे मुंबईच्या जवळ ना? आई इंग्रजीत हो म्हणाली. तिने ओढणी सारखी केली आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"त्याला वाटलं, मला अवघड जाईल," ती हळूच म्हणाली.

जेवण्याआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं असतं. मी दर वर्षी 'आमच्या टीमबद्दल' म्हणते आणि सुटते. आईची पाळी आली तेव्हा तिने हात मांडीवर ठेवले आणि फ्रेंचमध्ये बोलायला सुरुवात केली. तोच क्लासमधला आवाज. एकेक शब्द स्वच्छ, जपून ठेवलेला. मला फक्त चाल ओळखीची होती. अर्धं मिनिट असेल.

शेजाऱ्याने ग्लास खाली ठेवला. पुढे वाकून तो भराभरा बोलू लागला, हातवारे करत. सगळे आईकडे पाहायला लागले. ती हसत मान डोलावत होती, हो हो म्हणत. "वी, वी."

ते हसू मी ओळखलं. हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या स्टॉलवरची बाई घाईत काहीतरी विचारते आणि मला कळत नाही, तेव्हा मी अशीच हसते. तीस वर्षं शिकवलेली भाषा समोरून आली होती आणि आईला ती समजत नव्हती.

अशा टेबलावर मी आपणहून कधी बोलत नाही. "मला फ्रेंच येत नाही," मी त्याला म्हणाले. "तुम्ही काय म्हणालात, मला सांगाल का?"

तो थांबला. मग इंग्रजीत म्हणाला, "मी म्हटलं, इथे येऊन मला आठ वर्षं झाली. घरी फ्रेंच बोलतो ते घाईत, कोण कुठे चाललंय, काय आणायचं. तुमच्या आई बोलल्या तसं, इतकं निगुतीने, माझ्याशी कितीतरी दिवसांत कुणी बोललं नाही."

आईने टेबलाखाली माझा गुडघा दाबला. मग त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. या वेळी तो सावकाश बोलला. टर्की कापून झाली, ताटं फिरली, आईच्या ताटात बटाटे आणि क्रॅनबेरी पडून राहिली. ते दोघं बोलत होते. ती मध्येच हसली. इतक्या मोकळेपणाने ती माझ्याशी बोलताना कधी हसली होती, ते मला आठवेना.

आता ती पुण्यात आहे. क्लास बंद केलाय. आम्ही रोज फोनवर बोलतो, भाज्या, हवा, तिचा गुडघा. ते अर्धं मिनिट ती काय बोलली, कुणाचे आभार मानले, मला फार जाणून घ्यायचंय. विचारायचं म्हणून मी फोन करते. तिने फोन उचलला की मी म्हणते, "जेवलीस का?"